बिशप कसा आहे?

बोनेर बेट, १८ मार्च २०२४

ज्युरेना,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की तू वाचलास एवढं कळतं आणि पुढे सगळं शांत. म्हणून पत्र. पत्र फाडून टाकायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. हातात घेतलंस की आईचं अक्षर दिसेल, मग बघू तुझा हट्ट किती टिकतो ते.

तुझ्या पपांना कोलंबियाला नेलं. हृदय. बुडी मारणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या हवेच्या टाक्या ट्रकमध्ये चढवता चढवता खाली बसला आणि म्हणाला, "नोल, आज ऊन फार आहे गं." फेलिसला ऊन लागलं! मी तिथेच ओळखलं की हे काही खरं नाही. इथल्या डॉक्टरांनी बघितलं, आमच्याकडे याची सोय नाही म्हणाले आणि विमानात घातलं. सोबत टोना आत्या गेली आहे. मी का नाही गेले असं तू विचारशील, निदान विचारावंस. सोबतीला एकच जागा होती, टोनाला स्पॅनिश माझ्याहून बरं येतं आणि ऐन हंगामात टाक्यांची शेड बंद ठेवली तर खायचं काय? आणि खरं सांगू, मला त्याला नळ्या लावलेल्या बघवत नव्हतं.

स्ट्रेचरवर झोपलेला माणूस बायकोला काय सांगतो? काळजी घे म्हणतो, देवाचं नाव घे म्हणतो. तुझ्या बापाने माझा हात धरला, मला जवळ ओढलं आणि म्हणाला, "बिशपकडे लक्ष ठेव." विमानातली नर्स परदेशी होती. तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमचे यजमान फार धार्मिक आहेत का?" मी म्हटलं, "कसले धार्मिक! बाई, हा बिशप म्हणजे प्रवाळ आहे. आमच्याकडे किनाऱ्यावर उतरायच्या प्रत्येक जागी खुणेचा पिवळा दगड असतो; आमच्या शेडसमोरच्या दगडापासून पाण्यात उतरलं की दोन पुरुष खोलीवर बसलेला आहे, झगा पसरून. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लोकांना तोच दाखवला." ती माझ्याकडे बघतच राहिली.

पपांना एक फोन कर, ज्युरे. टोनाचा नंबर खाली लिहिला आहे.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. त्यांनी मला घराबाहेर काढलं म्हणशील. काढलंच, दीड वर्ष झालं त्याला. मी तिथेच होते, माझ्या हातात बोकडाच्या रश्श्याचं पातेलं होतं. तू सागरी पार्कच्या कामावरून आलेली, तशीच जेवायला बसलीस आणि म्हणालीस, "पपा, प्रवाळांचा रोग आलाय. शेजारच्या बेटांवर पोचला, आता आपल्याकडे येणार. हे सगळं मरणार, बिशपसुद्धा. टाक्या भरायचा कॉम्प्रेसर विकून टाका, अजून गिऱ्हाईक मिळेल." तुझ्यात काही गोडवा म्हणून नाही. बातमी द्यावी तशी दिलीस. त्याने चमचा खाली ठेवला. "माझ्या टेबलाशी बसून मयताच्या गोष्टी करायच्या नाहीत. ऊठ." आणि तू उठलीस. दोघंही एका मुशीतली. एकाने थांब म्हटलं असतं तर दुसरा थांबला असता, पण म्हणेल कोण!

ते जाऊ दे. आता त्याचं हृदय बंद पडतंय, तेव्हा भांडण पुरे.

आई

२२ एप्रिल

ज्युरेना,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीत राहणार. मला तरी दुसरं कोण आहे?

त्याची छाती उघडली आणि शिवली. जगला. अजून महिना-दोन महिने तरी सोडणार नाहीत. टोना रोज संध्याकाळी फोन लावून त्याच्या कानाशी धरते. स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलतो, तीही तक्रारीची. मक्याची फुंची मिळत नाही, सूप पांचट आहे. मग लगेच आवाज बदलतो. "बिशप कसा आहे?"

आधी मी काठावरून बघूनच सांगायचे, ठीक आहे म्हणून. तर म्हणे, "ठीक म्हणजे काय? काठाकडची बाजू कशी आहे? खालच्या फटीतली वाम अजून आहे का? नोल, तू पाण्यात गेली होतीस की दारातून हात हलवलास?"

तुला तर माहीत आहे, मी कमरेच्या वर पाण्यात गेलेली नाही. केस भिजले की नीट करायला अर्धा दिवस जातो, तुम्हा दोघांना त्याचं काय! लग्न झालं तेव्हापासून मी तुमचे टॉवेल धरून काठावर उभी. पण हा माणूस ऐकेना. शेवटी बासष्टाव्या वर्षी तुझ्या आईने मास्क लावला. पार्कमधली शुर्लीन, तुझ्यासोबत काम करायची ती, तिला बोलावलं. पोरगी हसून हसून लोळली. "नोल मावशी, पायात फिन घालून पुढे चालायचं नाही, उलटं चालायचं. मास्कमध्ये थुंका, लाजू नका." मी म्हटलं, "थुंकायला मला शिकवू नकोस, तुझ्या आईला विचार." तरी दोनदा आपटले. आमच्याकडची गिऱ्हाइकं, ती जर्मन जोडी, टाक्या पाठीवर घेऊन माझी मजा बघत उभी.

आणि मग तोंड पाण्यात घातलं.

ज्युरे, तुम्ही दोघं इतकी वर्षं काय बघत होतात हे मला त्या दिवशी कळलं. मला कुणी हाताला धरून का नाही नेलं आत? बिशप केवढा मोठा आहे! हिरवट, सोनेरी, अंगभर बारीक बारीक चांदण्या आणि त्याच्या झग्यात मुलं खेळावीत तसे मासे. मी त्याच्यावर तरंगत राहिले. हात लावू नका असं शुर्लीन वरून ओरडत होती, पण मी कसला हात लावतेय! मला श्वास घ्यायची आठवण करावी लागत होती.

काठाकडच्या बाजूला एक पांढरा डाग होता. जेवणाच्या ताटाएवढा, पांढराशुभ्र. मी बाहेर येऊन शुर्लीनला विचारलं, हे काय गं? ती हसायची थांबली.  मी समजले.

संध्याकाळी फोन आला. "बिशप कसा आहे?"

"झक्कास," मी म्हटलं. "बसलाय आशीर्वाद देत. आणि ऐक, मी स्वतः आत जाऊन बघितला."  मग टोना फोनवर आली आणि म्हणाली, अगं, हा रडतोय आणि हसतोय. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा अख्खी वाटी सूप संपवलं.

आता सांग, मी काय करायला हवं होतं?

आई

३० मे

ज्युरेना,

बिशप गेला.

तू म्हणाली होतीस तसाच. डाग पसरत गेला, उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तसं अंग सुटत गेलं आणि खाली नुसतं हाड. पार्कच्या पोरांनी कडेकडेने पांढरं औषध लिंपलं, रेघ ओढली की रोग तिथे थांबेल म्हणून. रोग रेघ ओलांडून पलीकडे उगवला. शुर्लीनने पाण्याबाहेर येऊन मास्क काढला तेव्हा तिचे डोळे लाल होते, मीठ लागलं म्हणाली. आम्ही प्रत्येकाचे फिन, मास्क, बूट औषधाच्या पाण्यात बुडवून काढतो. कुणी नको म्हटलं तर मी असं काही झापते की विचारू नकोस. काही उपयोग नाही. बिशप गेला, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे गेले, दक्षिणेला मिठागरापर्यंत तीच अवस्था आहे. आता त्याच्यावर शेवाळाची तपकिरी लव आली आहे. गंमत म्हणजे पाहुणे अजून येतात, पाण्यात जाऊन येतात आणि "काय सुंदर!" म्हणतात. मासे आहेत ना! त्यांनी आधीचं बघितलेलंच नाही.

आणि तुझा बाप रोज विचारतो.

डॉक्टरांनी टोनाला बजावलं आहे की मनाला धक्का बसता कामा नये. टोना मला बजावते. मी म्हणते, बिशप मजेत. नुसतं मजेत म्हणून त्याचं भागत नाही हे तुला सांगायला नको. त्याला तपशील लागतो. मग मी तपशील देते. काल म्हटलं, वाम परत आली आहे, तोंड वासून बसली होती, अगदी तुझ्या टोनासारखी. परवा म्हटलं, एक मोठा निळा पोपटमासा त्याच्या मागे झोपला होता. तो विचारतो, कुठल्या बाजूला? मी सांगते, उत्तरेच्या. तो म्हणतो, हां, तिथे सावली असते. आम्ही अशा गप्पा मारतो, ज्युरे. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी एवढा कधी बोलला नव्हता. दिवसभर मी मनात जुळवत असते, आज काय सांगू. मला ते आवडायला लागलं आहे. आवडतं आणि मग रात्री जेवण जात नाही.

मी ठरवलं आहे. तो घरी आला की समोर बसवून सगळं सांगायचं. माणूस घरात असला, हात हातात असला, की सांगता येतं. फोनवर नाही सांगता येत.

तू एक ओळ लिही गं. मला शिव्या दे हवं तर.

आई

१६ जुलै

ज्युरेना,

पपा घरी आले. निम्मा झाला आहे. सदरा खांद्यावर अडकवल्यासारखा दिसतो, छातीवर गळ्यापासून खालपर्यंत शिवण. डॉक्टरने निक्षून सांगितलं आहे, जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत आणि पाण्यात तर अजिबात उतरायचं नाही. पुन्हा बिघडलं तर कोलंबियापर्यंत पोचणार नाही, असं टोनाच्या तोंडावर सांगितलं. त्याच्याही तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

मी सांगणार होते. आल्या दिवशी दमला होता म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन आले तर पलंग रिकामा. धावत बाहेर गेले तर हा पिवळ्या दगडापाशी उभा, मास्क कपाळावर, फिन हातात. "चल," म्हणतो. "मला दाखव तुझा झक्कास बिशप."

मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. डॉक्टरांचं नाव घेतलं, देवाची शपथ घातली, मी तुला मारीन म्हणाले. तो उलटा चालत पाण्यात शिरलासुद्धा. त्याला एकट्याला कसं जाऊ द्यायचं? मी तशीच, घरातल्या कपड्यांवर मास्क लावून त्याच्यामागे गेले. त्याचा हात धरला. आम्ही तरंगत बिशपवर पोचलो आणि मी डोळे मिटून घेतले.

त्याने बराच वेळ डोकं वर काढलं नाही. मग काढलं, तोंडातली नळी काढली आणि मला काय म्हणाला असेल? "नोल, हा तो नाही."

मी म्हटलं, "फेलिस, हाच आहे."

"छे! हा मेलेला आहे. याच्यावर बोटभर शेवाळ आहे, हा मरून महिना-दोन महिने तरी झाले. मला कळत नाही होय? बिशप तर गेल्या आठवड्यात जिवंत होता. तूच सांगितलंस."

बघ, कुठे आणून ठेवलंय मी त्याला. त्याच्या डोळ्यांना सगळं बरोबर दिसतंय आणि तो माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतोय. काठावर येऊन त्याने पिवळ्या दगडाभोवती चक्कर मारली, दगडाखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाला, सापडलं. या महिन्याच्या सुरुवातीला वादळ लांबून गेलं, लाटा उलट्या बाजूने आल्या, त्यांनी दगड हलवलाय. दरवर्षी कुठला ना कुठला दगड हलतोच. आपण चुकीच्या जागी उतरतोय.

मी त्याला तिथेच वाळूत बसवलं आणि सगळं सांगितलं. डाग, औषध, शुर्लीनचे डोळे, मी फोनवर बोललेलं एक न एक खोटं. हात हातात घेऊन सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गालावर थोपटलं.

"तुला डॉक्टरने शिकवलंय," तो म्हणाला. "बिशप मेला म्हटलं की हा म्हातारा घरी बसेल. हो ना? नोल, तुला खोटं बोलता येत नाही. तू सुरुवात केलीस की लगेच कळतं."

मी डोकं आपटायचं बाकी ठेवलं! वाम कुठल्या बाजूला होती, पोपटमासा कुठे झोपला होता, हे मी कुठून आणलं असतं, असं तो विचारतो. म्हणतो, "तू कमरेच्या वर पाण्यात न गेलेली बाई, तुला सावली कुठे असते हे काय माहीत? ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही." शुर्लीनला बोलावलं. ती बिचारी कसंबसं बोलली. तर म्हणे, पार्कवाल्यांना सगळंच मेलेलं दिसतं.

तेव्हापासून रोज सकाळी ट्रक काढतो. आधी आमच्या उत्तरेचा दगड, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक ठिकाणी उतरतो, तरंगत जातो, बघतो, येतो. "हा नाही." मी सोबत असते. दुसरं काय करू? चाव्या लपवल्या तर पायी निघतो. काल बाहेर आला तेव्हा ओठ निळे होते आणि ट्रकला टेकून उभा राहिला, किती तरी वेळ. मला वाटलं आता गेला. मग म्हणाला, "उद्या अजून उत्तरेला जाऊ."

ज्युरेना, तू ये. फोन नको, पत्र नको, ये. त्याला पाण्यातून काढायचं असेल तर बिशप मेला हे त्याला पटलं पाहिजे, आणि ते कुणी सांगितलेलं तो मानेल? माझं मानत नाही, मी बायको आहे. शुर्लीनचं मानत नाही. तुझं मानेल. तू त्याच्या तोंडावर खरं बोललेली एकटीच आहेस आणि ते त्याला चांगलं ठाऊक आहे. तू खोटं बोललीस असं त्या दिवशीही तो म्हणाला नव्हता. फक्त ऊठ म्हणाला होता.

ये आणि सांग. तेव्हा सांगितलंस तसंच.

आई

९ ऑगस्ट

ज्युरेना,

पत्र आलं. चार ओळी, पण माझ्या ज्युरेच्या. "येते. मीच सांगते त्यांना." मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले.

त्याला सांगितलं तू येतेस म्हणून. त्याने लगेच ट्रक धुतला. मागची सीट इतक्या वर्षांत धुतली नव्हती, ती धुतली. मग तुझे जुने फिन शोधून काढले आणि त्यांचे पट्टे बदलत बसला. मी म्हटलं, पोरगी भांडायला येतेय, पोहायला नाही. तो म्हणाला, "भांडण पाण्यात होत नाही."

एक सांगून ठेवते. गोड बोलू नकोस. त्याचा चेहरा बघून विरघळू नकोस, तो आता असा दिसतो की कुणीही विरघळेल. सरळ सांग. वाटलं तर ओरड. मी पातेलं हातात घेऊन उभी राहणार नाही या वेळी, तुझ्या बाजूला बसेन.

आई

१४ सप्टेंबर

ज्युरेना,

विमानतळावर मी तुला जवळ घेतलं नाही. तू दोनदा मागे वळून बघितलंस, मी बघितलं ते. तेव्हा बोलले असते तर लोकांसमोर तमाशा झाला असता. आता बोलते.

मी काठावर होते. टॉवेल घेऊन, नेहमीसारखी. तुम्ही दोघं आमच्याच दगडापासून उतरलात, कारण तूच म्हणालीस की पहिल्यापासून सुरू करू. मला किती बरं वाटलं तेव्हा! मी म्हटलं, ही पोरगी कामाला लागली, हिला कुठे सुरुवात करायची ते माहीत आहे. तुम्ही बिशपवर पोचलात. दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी. त्याने तुझा हात धरला होता, लहानपणी धरायचा तसा, बोटं नाही, अख्खं मनगट. वारा पडला होता. पाणी एवढं शांत होतं की तिथलं बोलणं इथे ऐकू येत होतं.

त्याने डोकं वर काढलं. "सांग," तो म्हणाला. "तुझी आई म्हणते हाच बिशप. तू सांग. तू मला कधी फसवलं नाहीस."

 मी मनात म्हणत होते, बोल गं, बोल. आता बोल. मी हातातला टॉवेल पिळत होते.

"नाही पपा," तू म्हणालीस. "हा नाही. आपण फार दक्षिणेला उतरलोय."

मी खाली बसले. तुला दिसलं नसेल, तुम्ही दोघं एकमेकांना मिठी मारत होतात, पाण्यात, मास्क लावून, टाळक्याला टाळकं आपटत. तो हसत होता. दोन वर्षांनी तुझ्या बापाला तू हसवलंस, आणि तू रडत होतीस, आणि मला पाण्यात येऊन तुमची दोघांची डोकी धरून आत दाबावीशी वाटली. असं वाटलं हे मी कुणालाच सांगणार नव्हते. तुला सांगते.

संध्याकाळी तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "आई, मला नाही जमलं." मी भांडी घासत राहिले. तू म्हणालीस, "त्यांनी माझं मनगट धरलं होतं." मी तरी घासत राहिले. मला काय म्हणायचं होतं ते तुला माहीत होतं. आणि मी ते म्हणू शकत नव्हते, कारण फोनवर मी काय वेगळं केलं? मला तर कुणी मनगटालाही धरलं नव्हतं. मी नुसता त्याचा आवाज ऐकून खोटं बोलले.

राग तुझा नाही. थोडा आहे. जाईल.

पण आता काय झालंय ते ऐक. आधी तो दिवसातून एकदा जायचा. आता दोनदा जातो. परवा मी ट्रकसमोर आडवी उभी राहिले. म्हटलं, माझ्या अंगावरून ने. तो रागावला नाही. खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला समजावून सांगायला लागला, मी लहान मूल असल्यासारखं. "नोल, जरा विचार कर. बिशप जिवंत आहे असं तू एकटीच म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, बायको आहे, प्रेमापोटी बोलली. पण ज्युरेना? ज्युरेना खोटं बोलणारी पोर आहे का? खरं बोलली म्हणून तर मी तिला घराबाहेर काढलं. ती पाण्यात डोकं घालून बघते आणि म्हणते हा नाही, म्हणजे नाही. बिशप आहे. मला दोघींनी सांगितलंय."

आम्ही दोघींनी सांगितलंय, ज्युरे. आता त्याला कोण सांगणार? तुझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, म्हणून तर तुला बोलावलं. आता तू परत आलीस आणि उलटं बोललीस तरी तो म्हणेल, आईने शिकवलं. मी खूप विचार केला. कुठलंही दार उघडं नाही. कधीतरी एका दगडापाशी तो तरंगत जाईल आणि परत फिरणार नाही, आणि लोक म्हणतील, फेलिस जिथे जगला तिथेच गेला, काय भाग्य. मला ते ऐकून घ्यावं लागेल आणि मान हलवावी लागेल.

तू आता त्याला दर रविवारी फोन करतेस. रविवारी तो दाढी करून बसतो. "कुठपर्यंत आलात पपा?" असं तू विचारतेस आणि तो तुला एकेका दगडाचं सांगतो, आणि तू इतकी छान ऐकतेस. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकते. बंद कर म्हणवत नाही. त्याला तू हवी होतीस, तू मिळालीस. किती महागात मिळालीस ते फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

हे ट्रकमध्ये बसून लिहिते आहे. पार उत्तरेला आलोय, इथला दगड मी आयुष्यात बघितला नव्हता. तो आत्ताच बाहेर आला, काठावर बसलाय, धाप लागली आहे. त्याला वाकता येत नाही, फिन मलाच ओढून काढावे लागतात. तिथूनच ओरडून विचारतोय, "नोल, हा नाही. उद्या पुढचा बघू या ना?"

मी हो म्हणाले.

तुझी आई